मारेगावच्या बाया मशीनकडे बसतात

अन्याय झाला तो माझ्या सुमनवहिनीवर. गेल्या पौषातल्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या पहिल्या खेळाला, तंबूतला गॅसचा दिवा मालवून मशीन सुरू झालं त्या घटकेला झाला. तसा तो बोरखेडीच्या सगळ्याच बायांवर झाला. पण बाकीच्यांनी तो मुकाट्यानं गिळला, वहिनीनं बोलून दाखवला, म्हणून नाव तिचं.

ज्यांनी बोरखेडी पाहिली नाही, आणि नेरच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून कुणी मुद्दाम पाहावी असं तिथं काही नाही, त्यांच्यासाठी सांगते. आमच्या यात्रेला फिरता सिनेमा येतो. तंबूच्या मधोमध पांढरं कापड ताणतात. कापडाच्या एका अंगाला मशीन असतं, तिकडे माणसं बसतात. दुसऱ्या अंगाला बाया. कापडावर पाणी मारतात, म्हणजे उजेड आरपार जातो आणि चित्र आमच्याकडेही उमटतं. उमटतं, पण आरशातल्यासारखं उलटं. कापड वाळलं की ते फिकं पडतं, आणि पुन्हा पाणी मारेपर्यंत नायिका रडते आहे की हसते आहे हे आवाजावरून ओळखायचं असतं. तिकीट दोन्ही अंगांना सारखंच.

वहिनी डावखुरी आहे. माहेरी तिला कुणी काही बोललं नव्हतं. सासरी आल्यापासून आई रोज दोन्ही वेळा एकच शब्द बोलते, "सुमन, हात." आमची आई दुष्ट नाही, पण डाव्या हातानं वाढलेलं तिला पाहवत नाही. आता त्या दिवशीच्या सिनेमातला राजकुमार डाव्या हातानं जेवला. डाव्या हातानं तलवार चालवली. डाव्याच हातानं त्यानं नायिकेला कुंकू लावलं. वहिनी माझ्या शेजारी बसून माझं मनगट असं दाबत होती की मला तिची खूण दुसऱ्या दिवशीही दिसत होती. अक्षरं उलटी दिसतात हे मला ठाऊक होतं. हातही उलटे दिसत असणार, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा, काका आणि शेजारचे दोघं जेवायला बसले होते. वहिनीनं वरण डाव्या हातानं वाढलं. आई म्हणाली, "सुमन, हात."

वहिनी म्हणाली, "आई, थो राजकुमारबी डाव्याच हातानं जेवला. त्याले कोणी बोललं नाई."

दादाला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "अवं, थो उजव्याच हाताचा हाय. आमी समोरून पाह्यलं नं. तू मांगून पाह्यलं."

शेजारचा म्हणाला, "मंग वहिनीच्या सिनेमात घोडाबी उलटाच पयाला असन."

चौघं हसले. ही गोष्ट दुपारपर्यंत चावडीवर आणि संध्याकाळपर्यंत विहिरीवर पोचली. वहिनीला गावातली पोरं 'डाव्या राजकुमाराची राणी' म्हणू लागली. माझी वहिनी दळता दळता सिनेमाची गाणी म्हणायची, कडव्यासकट, मधल्या वाद्यांसकट. त्या दिवसापासून तिनं एक ओळ म्हटली नाही.

मी पत्रकं लिहिते. निवडणुकीत लिहिली, हुंड्याविरुद्ध लिहिली, विहिरीच्या कठड्यासाठी लिहिली. हेही लिहिलं. मशीनकडची अर्धी जागा बायांना मिळालीच पाहिजे, अशी मागणी करून ते यात्रेच्या पंचांच्या हातात दिलं. मुख्य पंचांनी ते चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "पोरी, पडद्याले बाजू किती?"

"दोन."

"एक तुमची, एक आमची. अर्धं अर्धं तं हायच. आता काहून भांडून राह्यली?"

पत्रक लिहिताना समोरचा माणूस तोंड उघडेल हे आपण धरलेलं नसतं.

मग दिवाळीनंतर वहिनीची मोठी बहीण कमलाताई एका लग्नासाठी नेरला आली आणि बोलता बोलता सांगून गेली की त्यांच्या मारेगावात बाया मशीनकडे बसतात आणि माणसं मागं. ती हे असं बोलली जसं कुणी म्हणावं की आमच्याकडे पाणी खालून वर वाहतं, त्यात काय.

हेवा हा दुर्गुण आहे असं मला शाळेत शिकवलं. तो कसा असतो हे मात्र शिकवलं नव्हतं. तो पोटात असतो, डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली. कमलाताईच्या सुनेला बाळ झालं होतं आणि बारशाचं बोलावणं होतंच. मी आईला म्हटलं, वहिनीला एकटीला कसं पाठवायचं. आई म्हणाली, जा. निघाले मी बारशाला, पण मला पाहायच्या होत्या त्या मारेगावच्या बाया.

यवतमाळ

नेरहून यवतमाळपर्यंतच्या एसटीविषयी काही लिहीत नाही. ज्यांना बसायला जागा मिळाली त्यांना तो प्रवास आठवत नाही, आणि आम्हाला विसरायचा आहे.

स्टँडाबाहेर आम्ही आलूबोंडे खाल्ले, वर कढी ओतून. बोरखेडीत आलूबोंडा यात्रेतच मिळतो आणि त्यात आलू शोधावा लागतो. इथं आत बोट घातलं की आलूच लागतो. पहिला हेवा तिथंच झाला, तोंड भाजत असताना.

दुसरा वर्तमानपत्राचा. स्टँडावर त्याच दिवसाचं वर्तमानपत्र विकत होते, कडक, शाईचा वास असलेलं. आमच्या गावात ते येतं दुसऱ्या दिवशी. ते आधी सरपंच वाचतात, मग त्यांचे भाऊ, मग किराणा दुकानदार, आणि मग त्यात गूळ बांधला जातो. गूळ बायांच्या हातात येतो. जगातलं बहुतेक राजकारण मी गुळाच्या कागदावर वाचलेलं आहे. कुठल्याशा देशाचं मंत्रिमंडळ पडणार की टिकणार, यावर एक फार चांगला लेख मी अर्धा वाचला. उरलेला अर्धा जिऱ्याच्या पुडीला गेला होता. ते मंत्रिमंडळ माझ्या डोक्यात अजून तसंच लोंबकळतं आहे.

बाकावर कॉलेजच्या दोन मुली होत्या. वेण्या दुमडून वर लाल फिती. त्या सिनेमाचं साप्ताहिक वाचत होत्या आणि मान वाकडी करून मीही वाचलं. एक नट सकाळी उठून काय खातो यावर पूर्ण पान होतं, फोटोसकट. तो पपई खातो. आमच्या विहिरीला कठडा नाही यावर मी दोन वर्षं लिहिते आहे, आजवर एक ओळ छापून आली नाही. त्या नटाला पपई आवडली की छापून येतं. मला त्या नटाचाही हेवा वाटला आणि पपईचाही.

यवतमाळात पक्कं थेटर आहे. आमची पुढची गाडी उशिरा होती म्हणून मी वहिनीला तिकडे नेलं. वहिनीनं भिंतीवरच्या चित्राकडे पाठ केली आणि रस्त्यावरची म्हैस पाहत उभी राहिली. मी आत डोकावले. बायांसाठी वर वेगळी जागा, खुर्च्या, पंखा. समोरून चित्र. माझ्या बरगडीखाली कळ आली. तेवढ्यात दिसलं की बायांच्या जागेपुढं जाड पडदा टांगलेला आहे. दाराशी बसलेल्या बाईला विचारलं, हा कशाला.

"उजेड असंपर्यंत लावून ठेवतो. अंधार झाला की काढतो," ती म्हणाली.

"काहून?"

"उजेडात माणसं वर पाहतात."

"अन् अंधारात?"

"अंधारात तुमी सिनेमा पाहा नं बाई. तिकीट घेता का?"

तिकीट घेतलं नाही, पण हेवा घेऊन आले. पडदा असला तरी तो निघतो. आमचा निघत नाही, आमचा पडदा म्हणजेच सिनेमा.

पांढरकवड्याच्या अलीकडे

गाडीचं चाक बसलं ते कापसाच्या रानात. दोन्हीकडे वेचणी चालली होती. बाया ओट्यात कापूस घेऊन उभ्या राहून आमच्याकडे पाहू लागल्या, आम्ही त्यांच्याकडे. ड्रायव्हरनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि पांढरकवड्याकडे जाणाऱ्या ट्रकबरोबर निरोप पाठवला. तोवर वहिनीच्या पिशवीतली लोणच्याची बरणी कलंडून बारशाच्या कुंचीवर तेल गेलं होतं. मी कुंची बाभळीवर वाळत टाकली, म्हणजे आता कुंचीला तेलही होतं आणि काटेही.

सायकलवर हत्यारांची थैली बांधून एक मिस्त्री आले. दाढी पांढरी, अंगात खाकी शर्ट. नाव रशीदभाई. गाडीखाली आडवे होऊन ते काम करू लागले आणि गुणगुणू लागले. गाणं आमच्या यात्रेतल्याच सिनेमाचं, राजकुमाराचं. पण दुसरं कडवं त्यांनी पहिल्याच चालीत ओढलं.

वहिनी ओठातल्या ओठात म्हणाली, "असं नाई थे."

वर्षभरात सिनेमाविषयी तिच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द.

गाडीखालून आवाज आला, "मंग कसं हाय, बाई?"

वहिनीनं पदर ओढून तोंड कापसाकडे फिरवलं. रशीदभाईंनी पाना पुन्हा उचलला. मग म्हणाले, "बरं, राहू द्या. माझं आपलं चुकीचंच चालू देतो, पाना त्याच चालीवर फिरते."

मारेगावपर्यंत तिनं तोंडावरचा पदर काढला नाही. पण तिची बोटं पिशवीवर ताल धरत होती. ताल दुसऱ्या कडव्याचा होता, आणि बरोबर होता.

मारेगाव

मारेगाव आमच्यापेक्षा मोठं आहे, पण आम्हाला लाज वाटावी इतकं मोठं नाही. तसं असतं तर हेवा सोपा झाला असता. नागपूरचा हेवा कुणी करत नाही. हेवा होतो तो आपल्यासारख्याच धुळीत, आपल्यासारख्याच कवेलूंच्या छपराखाली राहणाऱ्या माणसांचा.

ग्रामपंचायतीनं रेडिओ घेतला आहे, आणि त्याचा भोंगा कडुलिंबावर बांधला आहे. भोंग्याचं तोंड विहिरीकडे. आमच्याही पंचायतीनं रेडिओ घेतला. तो सरपंचांच्या बैठकीत, कुलपाच्या कपाटात, वर विणलेला रुमाल घालून बसलेला आहे. संध्याकाळी बातम्यांना तो काढतात आणि माणसं मांडी घालून ऐकतात. मी भिंतीपलीकडच्या गोठ्यात उभी राहून ऐकते. म्हणून माझ्या बातम्यांत मध्ये मध्ये गाय असते. मारेगावच्या बाया मात्र घागर भरता भरता बातम्या ऐकत होत्या आणि मंत्र्यांना नावं ठेवत होत्या. एक जण म्हणाली, "हा रोजच म्हणते धान्य येऊन राह्यलं. पायी येते का काय?" असा शेरा मला पत्रकात सुचायला दोन दिवस लागतात.

जेवायला ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, भाकर आणि ठेचा. भाजी आमच्यासारखीच. फरक एकच. भाऊजी, म्हणजे कमलाताईचे यजमान, आले, हात धुतले, ताट स्वतः काढून घेतलं, दुरडीतून भाकर घेतली आणि बसले. ते शिंपी आहेत. जेवता जेवता कुंचीवरचे काटेही त्यांनीच काढून दिले. मी त्यांच्याकडे इतकी पाहत राहिले की कमलाताई म्हणाली, "काय पाह्यतं वं, पोरी? त्याइनं काही चोरलं का?"

बारसं झालं. बाळाचं नाव काय ठेवलं ते मला सांगता येईल, पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. तंबू दुसऱ्या दिवशी, बाजाराच्या दिवशी लागणार होता.

मारेगाव, बाजाराचा दिवस

सकाळी उठले तेव्हा कमलाताईनं भाकरींची चवड रचून ठेवली होती. म्हटलं, एवढ्या कोणाला?

"दिवसभरच्या हाय. बाजाराच्या दिवशी आमच्याइथं संध्याकायची चूल पेटत नाई."

"कोणाच्याच घरी?"

"कोणाच्याच. बाया बाजारात, माणसं बाजारात. ज्याले भूक लागन थो दुरडी उघडन."

तेव्हा मला यात विशेष काही दिसलं नाही. आळस दिसला.

बाजार पाहावा तर इथला. डोंगराकडच्या पोडांवरून, म्हणजे त्यांच्या वाड्यांवरून, कोलाम बाया बांबूची सुपं, टोपल्या आणि तट्टे घेऊन उतरल्या होत्या. एक भीमाबाई नावाची होती, कमलाताईची जुनी ओळखीची. ती तिच्या सोबतिणींशी कोलामीत बोलायची आणि आमच्याशी आमच्या बोलीत, आणि दोन्हीत तोंडाची सारखीच फटकळ. मी सूप उलटंपालटं करून पाहिलं तर म्हणाली, "घ्याचं असन तं घे. त्याले दात नाई, तोंडात काय पाह्यतं?"

ऊन कलल्यावर तंबू उभा राहिला. पाहते तर तंबू ओळखीचा. ठिगळं ओळखीची. दाराशी कानात अत्तराचा फाया घालून बसलेले मालक बाबूमिया, तेही ओळखीचे. हाच तंबू, हेच कापड, हेच मशीन पौषात बोरखेडीला येतं. माझ्या पिशवीत पत्रकाची प्रत होतीच. मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"बाबूमिया, बोरखेडीत आमाले मागं टाकता अन् इथं बायाले पुढं बसवता? आमचा पैसा खोटा हाय का?"

बाबूमियांनी मला नीट पाहिलं. "तुम वो पत्रकवाली ना? देखो बाई, मी कोनाले बसवत नाई. मशीन हर गाव में एकीच जगह लगाता, दरवाजे के पास. जो पहले आया वो मशीन के पास बैठा. एकदा बाया बसल्या की आदमी लोग उनके बीच में नहीं बैठते. एकदा आदमी बसले की बाया नाई बसत. जो बाद में आया, वो पर्दे के पीछे."

"मंग आमच्याकडं?"

"तुम्हारे यहाँ आदमी पहले आते, पान खा के, डकार दे के. तुम लोग आते जब मैं बत्ती बुझाता. मैं क्या करूँ? तुमारे वास्ते मशीन हात में लेके खडा रहूँ?"

मी पत्रक पुन्हा पिशवीत ठेवलं. आम्ही उशिरा का येतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. यात्रेच्या दिवशी चूल दोनदा पेटते. माणसं जेवतात. मग आम्ही जेवतो. मग खरकटं, मग भांडी, मग सासूला विचारणं. तोवर पडद्याची एक बाजू भरलेली असते. पंचांनी आम्हाला मागं बसवलं नव्हतं. कुणीच बसवलं नव्हतं. म्हणूनच आजवर भांडायला माणूस सापडत नव्हता.

तेवढ्यात बाया आल्या. घरी न जाता, बाजारातूनच, डोक्यावर बोचकी, काखेत पोरं, हातात सुपं. धुळीनं माखलेल्या, हसत, एकमेकींना हाका मारत त्या आत शिरल्या आणि मशीनच्या दोन्ही अंगांनी पसरून बसल्या. बोचकी सोडली. भाकरी काढल्या. कुणाचा ठेचा कुणाकडे गेला. मारेगावच्या, आसपासच्या खेड्यांतल्या आणि पोडांवरच्या अशा सगळ्या. जागा अशी बळकावली होती की ती त्यांनी बळकावली आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला की मी एकीची भाकर मागून खाल्ली.

वहिनी यायला तयार नव्हती. कमलाताईनं तिला दंड धरून आणली आणि माझ्या आणि भीमाबाईच्या मध्ये बसवली.

मग दुकानं आवरून माणसं आली. आत डोकावली, जागा पाहिली, आणि मुकाट्यानं कापडाला वळसा घालून मागं गेली. मुकाट्यानं म्हणजे अगदी मुकाट्यानं नाही. शाळेचे एक गुरुजी कुरकुरत होते, "अक्षरं उलटी दिसतात हो. मी दर वेळी उलटी नावं वाचतो."

भीमाबाई म्हणाली, "तुमी गुरुजी हा, तुमाले उलटंबी आलं पाह्यजे."

मला त्यांच्याविषयी वाईट वाटायला हवं होतं. अन्याय तो अन्यायच, माणसांवर झाला तरी. मी थोडा वेळ वाट पाहिली, पण वाईट काही वाटलं नाही.

दिवा गेला. चित्र उमटलं, आणि तोच राजकुमार निघाला. वर्षभर गावोगाव फिरून त्याच्या अंगावर रेघा पडल्या होत्या. पण केवढा स्वच्छ दिसत होता. नायिकेच्या कानातलं हलत होतं तेही दिसलं; गेल्या वर्षी मला तिला कान आहेत की नाहीत याचीच शंका होती.

जेवणाचा प्रसंग आला. राजकुमार पाटावर बसला, हात पुढं केला. उजवा. वहिनी माझ्या शेजारी ताठ झाली. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. दादानं सांगितलेलं खरं होतं आणि आता ते समोर होतं, माणसाएवढा हात होऊन.

भीमाबाईनं विचारलं, "काय झालं वं तुले?"

"काई नाई," वहिनी म्हणाली. "उजव्या हातानं जेवून राह्यला हा."

"मंग? तुले वाढाचं हाय का त्याले?"

वहिनीला हसू आलं. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून. आणि नेमकं तेव्हाच कापडाच्या मागून एका माणसाचा आवाज आला, चांगला ठणठणीत, खात्रीचा:

"अबे, हा तं डावखुरा हाय."

दुसरा म्हणाला, "हाव बे. मी मघापासून पाहून राह्यलो. लिहितेबी डाव्यानंच."

मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी उठून उभी राहिली होती. मशीनचा उजेड तिच्या डोक्यावरून जात होता आणि तिच्या अंबाड्याची सावली राजकुमाराच्या ताटात पडली होती. माझी वहिनी, जी आईच्या एका शब्दावर हात बदलते, ती कापडाकडे तोंड करून म्हणाली, "उजवा हाय थो, भाऊ. आमी समोरून पाहून राह्यलो. तुमी मांगून पाह्यता."

बायांचा अर्धा तंबू हसला तो थांबेना. बाबूमिया ओरडले, "बैठो बाई, पिक्चर में तुमारा काम नाई है." मागचा माणूस म्हणाला, "असं व्हय?" आणि पुढचा सिनेमा पाहू लागला. त्याला कुणी कसलाही राजा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कोण होता हेही कुणाला आठवत नव्हतं. त्याचाही मला हेवा वाटला. चूक त्याचीही तीच. पण ती माणसाची होती, म्हणून तंबूतच संपली.

परतताना

येताना गाडी बंद पडली नाही. वहिनीला खिडकी मिळाली. यवतमाळ जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "कुसुमबाई, खरं सांगू का? डावाच चांगला दिसत होता थो."

मी म्हटलं, "वहिनी, तू तर काल..."

"काल म्या खरं सांगतलं त्या माणसाले. मले आवडला थो डावाच. पण कोणी म्हणलं तुले येत नाई, तू मांगून पाह्यलं, तं थे नाई ऐकाचं आता. समोरून पाहीन, मंग आवडलं तं म्हणीन आवडलं."

पत्रकात हे कुठं बसवावं ते मला कळेना. अजूनही कळलेलं नाही.

नेरच्या स्टँडावर दादा घ्यायला आला होता. बैलगाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "काय पाह्यलं मारेगावात?" मी तोंड उघडणार तोच वहिनीनं माझा गुडघा दाबला. घर आल्यावर, गाडीतून उतरता उतरता, तिनं मला हळूच सांगितलं. पौषात तंबू आला की ती येईल. पण एकटी माझ्यासोबत मशीनकडे बसणार नाही. "तुमी पत्रक वाटता, लोक तुमाले भितात. मी या गावची सून हाय. दोघीच बसलो तं उद्या पुन्हा चावडीवर हासतीन. बाकीच्या बसल्या तं मी बसीन. नाई तं मले घरीच राहू द्या."

म्हणून हे लिहिलं. मारेगाव सुंदर आहे का, तिथली नदी कशी आहे, हे मला कुणी विचारू नये. मी पाहिलं नाही. मी बोचकी घेऊन आलेल्या बाया पाहिल्या, आणि त्यांच्यासारखं एकदा बसल्याशिवाय माझ्या बरगडीखालची कळ जाणार नाही.

मागणी पंचांकडे नाही. बाबूमियांकडेही नाही. तुझ्याकडे आहे, हे वाचणाऱ्या बाई. बोरखेडीची अस, नेरची अस, जिथं कुठं कापडाच्या मागं बसत असशील तिथली अस. तंबू लागेल त्या दिवशी भाकरी सकाळी कर. दुरडीत झाकून ठेव. घरात सगळ्यांना सांग की दुरडी कुठं आहे. संध्याकाळची चूल पेटवू नकोस. उन्हं असतानाच ये आणि दारातून आत शिरलीस की वळसा घालू नकोस, मशीनपाशी बस. माझ्या वहिनीला जागा धर. कुणी तरी येईल, खाकरेल, तुझ्या नवऱ्याचं नाव घेईल, जरा सरकता का म्हणेल.

सरकू नकोस.